चार नंबरचा खांब

अड्याळहून पवनीकडे जाताना डाव्या हाताला एक फाटा फुटतो. तिथून आत तीन किलोमीटरवर खैरटोला. दीडशे घरं, धानाची शेती, एक बोडी म्हणजे लहानसं तळं, जिल्हा परिषदेची शाळा आणि शाळेच्या कुंपणाला लागून गावाची पाण्याची टाकी. त्या शाळेत मी नऊ वर्षं शिक्षक होतो. रेणूची गोष्ट मी सांगावी की नाही याचा बरेच दिवस विचार केला, कारण तिच्या गोष्टीत माझंही एक वाक्य आहे आणि ते आता मागे घेता येत नाही.

रेणू पवनीच्या विणकर घरची. वडील मधुकरराव हातमागावर बसायचे आणि तुटलेला धागा सांधायचं काम तिच्याकडे असायचं. केसाएवढा धागा चिमटीत धरून, गाठ कापडात दिसणार नाही अशी मारायची. बारावी झाली आणि लग्न होऊन ती आमच्या गावात भूपेंद्रच्या घरी आली. घर धानाचं. रोवणीत तिचा हात मागे पडायचा. सासू शकुंतलाबाई चारचौघींत म्हणायची, "माह्या सुनेची बोटं कागदाची हायेत वो. चिखल सोसत नाई तिले." म्हातारी हे हसत म्हणायची, पण रेणूला ते लागायचं.

भूपेंद्र ग्रामपंचायतीचा पाणी कर्मचारी होता. लोक त्याला नळवाला म्हणत. पहाटे साडेपाचला पंप सुरू करायचा, टाकी भरत आली की वर जाऊन पातळी पाहायची, कारण पातळी दाखवणारा काटा कधीचाच मोडला होता. मग ब्लिचिंग टाकायचं, खाली येऊन वॉल्व्ह उघडायचा. जिन्याच्या पायथ्याशी तो चप्पल काढून ठेवायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "अनवानी पाय घसरत नाई, गुरुजी." त्यांना एकच मुलगी, खुशबू. ती माझ्या वर्गात होती.

दोन हजार बावीसच्या दिवाळीनंतर नागपूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातून माणसं आली. त्यांच्यात मेघा नावाची मुलगी होती, पीएच.डी. करणारी. बांधकामाला आतून झालेली इजा बाहेरून कशी ओळखायची आणि त्यावर येणारा ताण कसा मोजायचा, हा तिचा विषय. प्रयोगशाळेतले खांब तिने पुष्कळ मोडून पाहिले होते. आता तिला एखादं साधं, जुनं, रोज वापरातलं बांधकाम हवं होतं. आमची टाकी वीस वर्षांची, सहा खांबांची. तिला ती पसंत पडली. वायरी सांभाळायला आणि दिवसातून तीनदा आकडे लिहायला गावातलं कोणी द्या, असं तिने शाळेत येऊन विचारलं. रेणूचं नाव मीच सुचवलं.

खांबाला चिकटवायची ती वस्तू, गेज, म्हणजे नखाएवढी पिवळसर पट्टी. तिच्यात केसापेक्षा बारीक तारेच्या नागमोडी घड्या. खांबावर ती पक्की बसली की खांब जितका दबेल तितकीच तीही दबते, तारेतल्या विजेत फरक पडतो आणि वायरीने जोडलेल्या मीटरच्या डब्यावर तो आकडा होऊन दिसतो. टाकी पूर्ण भरली की खांब दहा लाखात चाळीस भाग दबायचा. डोळ्याला हे कधीच दिसणार नाही.

पहिल्या दिवशी मेघाने चिकटवलेल्या गेजच्या तारा डाग देताना दोनदा तुटल्या. ती भर उन्हात घाईने काम करत होती. रेणू बाजूला बसून पाहत होती. शेवटी म्हणाली, "मॅडम, मी पायू काय करून?"

तिने खांब घासला, पुसला, पुन्हा पुसला. गोंदाचा एक थेंब टाकला, पट्टी ठेवली आणि वरून अंगठा दाबून श्वास रोखल्यासारखी बसून राहिली. मग तारा जोडल्या. एकही तुटली नाही. मीटर लावून पाहिल्यावर मेघा म्हणाली, "आमच्या लॅबमध्ये हे इतकं साफ कोणाला जमत नाही, रेणूताई."

त्या संध्याकाळपर्यंत सहाही खांबांचे गेज रेणूने लावले. सातवा लावला एका सुट्या सिमेंटच्या ठोकळ्यावर. त्या ठोकळ्यावर काहीच भार नव्हता, फक्त ऊन. उन्हाने आकडा किती हलतो हे त्यावरून कळायचं आणि तेवढं बाकीच्यांतून वजा करायचं. मेघाने तिला आणखी एक गोष्ट समजावली, ती मी तिथेच उभा राहून ऐकली. "गेज लावल्यानंतरचंच सांगतो. आधी खांबानं काय सोसलं ते त्याला माहीत नसतं. नवा लावला की शून्यापासून सुरू."

पुढचं वर्षभर त्या घरात मी जे पाहिलं ते सुख होतं, दुसरा शब्द मला सुचत नाही. बारा वर्षांच्या संसारात त्या दोघांना एकत्र करायला पहिल्यांदाच काहीतरी काम मिळालं होतं. पहाटे दोघं मिळून टाकीवर यायची. भूपेंद्र वरून ओरडायचा, "भरली वो!" आणि ती पंपघरातल्या डब्यावरचे सात आकडे वहीत उतरवायची. पाणी सोडलं की पुन्हा सात. संध्याकाळी पुन्हा. गावातल्या बाया तिला टाकीची डॉक्टरीण म्हणायला लागल्या. शकुंतलाबाईसुद्धा पाहुण्यांना सांगायची, "सून माही नागपूरच्या कालेजात हाये." कागदाच्या बोटांचं बोलणं बंद झालं.

पोळ्याच्या सुमारास चार नंबरचा आकडा बिघडला. बिघडला असं मेघा म्हणाली. रेणू म्हणाली, बदलला. टाकी रिकामी झाली की आकडा शून्यावर यायला हवा, तो सहावर थांबायचा. मग अकरावर. दिवाळीला तीसवर. जानेवारीत टाकी रिकामी असताना चार नंबर शंभराच्या पुढे होता.

फोनवर झालेलं त्यांचं बोलणं मी ऐकलं, कारण आमच्या शाळेच्या ओट्यावर नेटवर्क बरं मिळायचं आणि रेणू तिथेच येऊन बोलायची.

"गेज सुटला असेल, ताई. ओल गेली असेल आत," मेघा म्हणत होती. आवाज फोनबाहेर येत होता.

"सुटला नाई, मॅडम. पानी भरलं का चढते, सोडलं का उतरते. फक्त पुरा उतरत नाई. सुटलेला गेज असा रोज टाइमावर कायले चालन?"

"मग गोंद म्हातारा झाला असेल. असं होतं."

"तो ठोकळ्यावरचा त्याच दिवशी लावला, त्याच बाटलीतल्या गोंदानं. तो काहून नाई सरकला?"

मेघा म्हणाली, "मी सरांना विचारते."

दोन दिवसांनी उत्तर आलं. महाविद्यालयात वीस फेब्रुवारीला प्रकल्पाची तपासणी होती. बाहेरचे परीक्षक येणार होते. सहा खांबांपैकी पाच नीट आणि एक वेडावाकडा, असा आलेख परीक्षकांना दाखवायची तिच्या मार्गदर्शक सरांची तयारी नव्हती. गेज खराब आहे, बदलून टाका, असं त्यांनी सांगितलं. मेघाने ते रेणूला सांगितलं. सांगताना ती म्हणाली, "सर म्हणतात म्हणजे असेल, ताई."

नऊ फेब्रुवारीला रेणूने चार नंबरचा गेज काढला. तो सहजासहजी निघेना. छिन्नी लावावी लागली. निघाला तेव्हा त्याच्या पाठीला सिमेंटची पापडी चिकटून आली होती. गोंद इतका पक्का होता की खांबाची साल निघाली, पण गेज सुटला नाही. तिने तो कागदात गुंडाळला, वर तारीख लिहिली आणि पाकिटात घालून महाविद्यालयाला पाठवला. मग नवा लावला. डबा शून्य दाखवू लागला. बाकी पाचांसारखाच, शहाणा.

मार्चच्या मध्यात ती वही घेऊन माझ्याकडे आली. दुपारची सुट्टी होती. नवा गेज रिकाम्या टाकीला बावीस दाखवत होता.

"गुरुजी, एक इचारू? जुना आकडा नव्यात मिळवाचा का?"

"म्हणजे?"

"जुना काढला तवा एकशे अठरा होता. हा आता बावीस. डब्याले माईत नाई, पन खांब तर तोच हाये ना? मग एकशे चाळीस झाले का नाई?"

मी वही पाहिली. तिचं अक्षर बारीक आणि सरळ. समासात तिने पेन्सिलीने दोन आकड्यांची बेरीज मांडली होती, तिसरीतल्या मुलासारखी एकाखाली एक. बेरीज बरोबर होती. मी तिला काय म्हणालो ते मला शब्दाशब्दाने आठवतं. मी म्हणालो, "त्यांनी सांगितलं नाही ना मिळवायला? मग आपण कशाला डोकं चालवायचं? मोठी शिकलेली माणसं आहेत ती."

तिने वही मिटली. "होय," म्हणाली आणि गेली. मेघाला तिने पुन्हा फोन केला नाही. एकदा सांगून झालं होतं. भूपेंद्रला मात्र तिने घरी म्हटलं, थोडे दिवस वर चढू नका. तो म्हणाला, "मंग पानी भरलं का नाई ते कोन पाहीन? तू?" आणि दोघंही हसली. हे तिनेच मला नंतर सांगितलं.

मार्चअखेरीला प्रकल्प संपला. मेघा येऊन डबा, वायरी सगळं घेऊन गेली. जाताना तिने रेणूला साडी दिली, खुशबूला कंपासपेटी. गेज मात्र खांबांवर तसेच राहिले.

सोळा एप्रिलला, सकाळी सहा चाळीसच्या सुमारास टाकी पडली.

उन्हाळ्यामुळे शाळा सातला भरत होती. मी अड्याळहून गाडीने आलो तेव्हा शाळेच्या मैदानात घोट्याएवढं पाणी होतं आणि समोर टाकी नव्हती. टाकी असायची तिथे नुसतं आकाश. दोन मुली लवकर येऊन वऱ्हांड्यात बसल्या होत्या, त्यांना काही झालं नव्हतं. त्या एकमेकींचा हात धरून उभ्या होत्या.

जिन्याच्या खालच्या चार पायऱ्या शाबूत होत्या. त्यांच्याशी भूपेंद्रच्या चपला नीट जोडून ठेवलेल्या होत्या.

जेसीबी पवनीहून यायला दोन तास लागले. तोवर माणसं हातांनी दगड उचलत होती. रेणू माणसांत नव्हती. ती चार नंबरच्या खांबाजवळ होती. तो मधोमध मोडला होता आणि त्यातल्या सळया बाहेर वाकल्या होत्या. खालचा अर्धा भाग उभा होता, त्यावर तिने लावलेला नवा गेज तसाच. त्यावर हात ठेवून ती उकिडवी बसली होती. रडत नव्हती. मी जवळ गेलो तर माझ्याकडे न बघता म्हणाली, "मिळवाचा होता, गुरुजी."

भूपेंद्रला नऊ वाजता काढलं. मी त्याचं वर्णन करणार नाही.

आठवड्याभरात चौकशीला माणसं आली. मोजमापं घेतली, फोटो काढले, सिमेंटचे तुकडे पिशव्यांत भरले. पुढे अहवालात आलं की चार नंबरच्या खांबातल्या सळया गंजून आतून बारीक झाल्या होत्या. रोजचा भार घेताना तो थोडा थोडा कायमचा दबत गेला. बाहेरून सहाही खांब सारखेच दिसत होते. रेणूने त्या साहेबांसमोर वही धरली. त्यांनी चार पानं उलटली आणि परत दिली. "हे संशोधनाचं आहे, बाई. सरकारी नोंदीत धरता येत नाही." ती वही घेऊन घरी गेली. दोष तिच्यावर कोणी ठेवला नाही. तिला कोणी काही विचारलंच नाही. गावात सगळे म्हणत होते, नशीब की शाळा भरली नव्हती. ते खरंच होतं. पण रेणूच्या समोर कोणी ते म्हटलं की शकुंतलाबाई उठून आत निघून जायची.

तेराव्यानंतर तिसऱ्या दिवशी मेघा आली. एकटी, एसटीने. ती दारात थांबली, आत यायला धजेना. शकुंतलाबाईने तिला ओळखलं आणि तोंड फिरवलं. रेणूनेच बाजेवर जागा करून दिली. मी तिथेच होतो, खुशबूची पुस्तकं घेऊन गेलो होतो.

मेघाने पर्समधून एक पाकीट काढलं. रेणूच्या हातचं, फेब्रुवारीतलं. फोडलेलं, पण नुकतंच.

"हे माझ्या टेबलाच्या खणात पडलं होतं, ताई. मी उघडलंच नव्हतं. परवा उघडलं." ती पुढे म्हणाली, "पाठीला सिमेंट आहे. तो सुटला नव्हता. तुम्ही खरं सांगत होतात."

रेणूने पाकीट घेऊन बाजेवर ठेवलं.

"मी उघडलं असतं तर..."

"मी तर काढतानाच पाह्यलं होतं, मॅडम," रेणू म्हणाली. "माह्या हातात होता तो. मले तवाच समजलं. तरी मी नवा लावला." तिने आपले हात पुढे धरले, जणू दुसऱ्या कोणाचे असावेत तसे. "चांगलाच लावला. तुमी म्हनलं म्हनून लई चांगला लावला."

दोघीही रडल्या, पण एकमेकींच्या गळ्यात पडून नाही. एक बाजेच्या या टोकाला, दुसरी त्या टोकाला.

खुशबू दाराशी उभी राहून सगळं ऐकत होती. बारा वर्षांची पोर. तिने विचारलं, "आई, तू तो काढला नसता तं बाबा राह्यले असते?"

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. रेणूने हाताने मला थांबवलं. ती मुलीकडे वळली.

"मले नाई मालूम, बाई," ती म्हणाली. "राह्यले असते कदाचित."

खुशबूने मान हलवली आणि ती मागच्या अंगणात गेली. पुढचे कितीतरी महिने ती आईशी कामापुरतंच बोलायची. आजीजवळ झोपायची. रेणूने तिला कधी जबरदस्ती केली नाही. तिच्या ताटात वाढायची, वेणी घालायला बसवायची आणि ती उठून गेली की तशीच बसून राहायची.

मेघाने वहीच्या सगळ्या पानांचे फोटो नेले. तिचा प्रबंध जवळजवळ तयार होता. तिने त्यातलं एक मोठं प्रकरण काढून टाकलं आणि नव्याने लिहिलं. जुने आकडे नव्यांना जोडून तिने आलेख काढला, तर चार नंबरची रेघ कुठेच तुटत नव्हती. पोळ्यापासून मार्चपर्यंत ती एकसारखी चढत गेली होती. गेज आपल्याकडून बदलला गेला आणि तो का बदलला, हे तिने नावानिशी लिहिलं. त्यावरून तिचं आणि तिच्या सरांचं बिनसलं, दुसरे मार्गदर्शक शोधावे लागले, पदवी दीड वर्ष लांबली. हे ती रेणूला फोनवर सांगायची. रेणू ऐकून घ्यायची. "बरं केलं," म्हणायची. त्यापलीकडे त्यांचं बोलणं जात नसे. पुढे मेघाने तिला प्रयोगशाळेत कामाला बोलावलं. खुशबूच्या शिक्षणाचीही सोय होईल म्हणाली. रेणू गेली नाही. "तो गोंदाचा वास नाई सोसत आता," एवढंच तिने कारण दिलं.

माझी बदली सानगडीला झाली. निघण्याआधी मी तिच्या घरी गेलो. बरेच दिवस जे मनात होतं ते म्हटलं. म्हटलं, रेणू, त्या दिवशी तू विचारायला आलीस, मी तुला अडवलं नसतं तर तू फोन केला असतास.

ती तांदूळ निवडत होती. सूप थांबवलं नाही. "तुमी काय मले बांधून ठेवलं होतं काय, गुरुजी? फोन माह्या हातात होता." मग म्हणाली, "मले वाटे कोनीतरी म्हनावं, काई होत नाई. तुमी म्हनलं. मी आयकलं." तिने मला माफ केलं असं मी धरून चाललो नाही. तसं तिने काही म्हटलंही नव्हतं.

गेल्या दिवाळीत खैरटोल्याला गेलो होतो. गावात नवी टाकी झाली आहे, आठ खांबांची, शाळेपासून लांब, बोडीच्या पाळीकडे. भूपेंद्रच्या जागेवर ग्रामपंचायतीने रेणूला घेतलं. सकाळी साडेपाचला तीच पंप सुरू करते, तीच वर चढते. खुशबू आता पवनीला मामाकडे राहून शिकते. घरी आली की आईसोबत टाकीवर जाते, पण जिन्यापाशी थांबते आणि आई खाली येईपर्यंत वर बघत राहते, असं शकुंतलाबाईने सांगितलं. म्हातारीच्या डोळ्यांना आता फारसं दिसत नाही.

मी गेलो तेव्हा रेणू वॉल्व्हपाशी होती. केस पांढरे झालेत. मला बघून हसली, चहाला चला म्हणाली. पाण्याबद्दल गावात तक्रार आहे हे मी वाटेतच ऐकलं होतं. टाकी कधी पूर्ण भरत नाही, नळ मध्येच बंद होतो, पुन्हा येतो.

"पूर्ण काहून नाही भरत टाकी?" मी विचारलं.

"भरते ना, गुरुजी. दोनदा भरते. अर्धी, अर्धी." ती वर पाहू लागली. "नवी हाये, पुरी भरली तरी काई होत नाई, असं इंजिनेरसाहेब सांगून गेले. मी पन म्हनते, हो. पन अर्धी झाली का हात आपोआप बटनावर जाते."

सरपंचाने तिला दोनदा समजावलं, एकदा दम दिला. मग सोडून दिलं. वीज थोडी जास्त लागते, पाणी थोडं उशिरा येतं. गावाला आता सवय झाली आहे.

खालच्या आळीतून कोणीतरी पाणी गेलं म्हणून ओरडलं. "येते, येते!" असं ओरडून उत्तर देत रेणू दुसऱ्यांदा पंप सुरू करायला गेली.